कॉलेजने काढून टाकलेल्या सुभाषला दुसरीकडे प्रवेश कसा मिळाला

२३ जानेवारी आली की आपल्या शाळांमध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा फोटो टेबलावर ठेवला जातो, एक मुलगा पाठ केलेलं भाषण म्हणतो, शिक्षक आझाद हिंद फौजेबद्दल दोन शब्द बोलतात आणि वर्ग सुरू होतात. आम्हीही वर्षानुवर्षं हेच करत आलो. त्या भाषणांत आय.सी.एस.ची परीक्षा असते, राजीनामा असतो, पाणबुडी असते. पण १९१६ ते १९१७ या दोन वर्षांत काय झालं, हे सहसा कुणी सांगत नाही. त्या काळात हा मुलगा कॉलेजातून काढलेला, विद्यापीठाने दार बंद केलेला आणि पुढे काय करायचं हे ठाऊक नसलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता. ज्या घरांत आज असा एखादा मुलगा दाखला हातात घेऊन बसलेला आहे, त्या घरांसाठी नेताजींच्या आयुष्याचा हाच भाग जास्त कामाचा आहे असं आम्हाला वाटतं. म्हणून आज तोच सांगतो.

सुभाषचा जन्म ओडिशातल्या कटकचा, १८९७ चा. वडील जानकीनाथ बोस सरकारी वकील. चौदा भावंडं, त्यांत सुभाष नववा. कटकच्या उडिया बाजारात त्यांचं घर होतं आणि तो मोहल्ला बहुतांशी मुसलमानांचा. शेजारपाजारचे लोक अडीअडचणीला जानकीबाबूंकडे सल्ल्याला येत. मोहर्रममध्ये बोसांची मुलं मोहल्ल्यातल्या मुलांबरोबर असत. पुढे सुभाषबाबूंनी आपल्या लहानपणाविषयी लिहिलं तेव्हा या शेजाराचा आवर्जून उल्लेख केला. नेताजींच्या आसपास नंतर जे मुसलमान साथी दिसतात, त्यांच्याशी त्यांचं सहज कसं जमलं, याचा थोडा उलगडा इथेच होतो.

सुरुवातीची सात वर्षं मिशनऱ्यांच्या युरोपियन शाळेत गेली. तिथे बंगाली शिकवतच नव्हते. १९०९ मध्ये तो रेव्हेनशॉ कॉलेजिएट स्कूलमध्ये आला तेव्हा बंगालीचा त्याचा निबंध इतका चुकांनी भरलेला होता की वर्गात सगळे हसले. वार्षिक परीक्षेत मात्र त्याच विषयात त्याला सर्वांत जास्त मार्क पडले. हेडमास्तर बेणीमाधव दास यांचा त्याच्यावर फार प्रभाव होता. १९१३ च्या मॅट्रिकला तो कलकत्ता विद्यापीठात दुसरा आला आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाला. सरकारी कॉलेज, बंगालमधलं सगळ्यांत नावाजलेलं.

हुशार होता म्हणून सरळ होता असं समजू नका. १९१४ च्या उन्हाळ्यात हा मुलगा घरी कुणाला न सांगता गुरूच्या शोधात निघून गेला. हरिद्वार, मथुरा, बनारस करत फिरला आणि काही आठवड्यांनी परत आला. आईवडिलांची काय अवस्था झाली असेल याचा विचार ज्यांच्या घरात तरुण मुलं आहेत त्यांनी करावा. परतल्यावर टायफॉइडने अंथरुणाला खिळला. इंटरला पहिला वर्ग मिळाला खरा, पण मॅट्रिकचा तो नंबर राहिला नाही. म्हणजे कॉलेजात भांडण होण्याच्या आधीच घरच्यांनी या मुलासाठी पुष्कळ सोसलं होतं.

१९१६ च्या जानेवारीत ते भांडण झालं. इतिहासाचे इंग्रज प्राध्यापक ओटन वर्गात शिकवत होते. बाहेरच्या व्हरांड्यातून काही विद्यार्थी चालले होते, त्यांच्या आवाजाने त्रास झाला म्हणून ओटन बाहेर आले आणि पुढच्या मुलांना त्यांनी ढकलून मागे सारलं. सुभाष तेव्हा लायब्ररीत होता. तो वर्गाचा प्रतिनिधी असल्याने तक्रार घेऊन प्रिन्सिपल जेम्स यांच्याकडे गेला. ओटन यांनी मुलांची माफी मागावी एवढीच मागणी होती. प्रिन्सिपलनी आपला नाइलाज सांगितला. दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलेजात हरताळ झाला. त्या काळी सरकारी कॉलेजात हरताळ ही साधी गोष्ट नव्हती. ओटन आणि विद्यार्थ्यांमध्ये समेट झाला, पण गैरहजेरीचा दंड प्रिन्सिपलनी मागे घेतला नाही. मुलांच्या मनात तो सल राहून गेला.

महिन्याभराने ओटन यांनी पुन्हा एका मुलावर हात टाकल्याची बातमी पसरली. या वेळी तक्रार घेऊन कुणी गेलं नाही. १५ फेब्रुवारीला तळमजल्यावर, नोटीस बोर्डाजवळ, काही मुलांनी ओटनना गाठून मारलं. प्रसंग काही क्षणांचाच, पण बंगालभर खळबळ उडाली. कॉलेजच्या शिपायाने ज्यांची नावं सांगितली त्यांत सुभाष बोस आणि अनंगमोहन दाम ही दोन होती.

सुभाषने मारलं का? आपल्या आत्मकथनात त्यांनी ही घटना डोळ्यांनी पाहिल्याचं लिहिलं, स्वतःच्या हाताबद्दल मात्र ते गप्प राहिले. बहुतेक चरित्रकार ते त्या घोळक्यात सामील होते असंच मानतात. आम्हीही तसंच धरून चालतो, कारण मुलगा निर्दोष होता असं म्हटलं की गोष्ट फार सोपी होऊन जाते. निर्दोष मुलासाठी कुणीही भांडेल. ज्याच्या हातून काहीतरी खरोखर घडलेलं आहे, त्याच्यासाठी कोण उभं राहतं, हा प्रश्न कठीण आहे.

सरकारने कॉलेज बंद करून चौकशी समिती नेमली. दरम्यान जेम्ससाहेबांचं शिक्षणखात्याच्या सरकारी सदस्याशीच भांडण झालं आणि वरिष्ठाचा अपमान केला म्हणून खुद्द प्रिन्सिपलच निलंबित झाले! जाता जाता त्यांनी काळ्या यादीतल्या मुलांना बोलावलं आणि सुभाषला निलंबित केलं. मोठ्यांनी डोकं शांत ठेवलं असतं तर गोष्ट इथवर आलीच नसती, असं वाचताना वाटत राहतं.

चौकशी समितीचे अध्यक्ष होते सर आशुतोष मुखर्जी, हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि विद्यापीठाचे माजी कुलगुरू. समितीपुढे सुभाषला सरळ विचारलं गेलं की ओटनना झालेली मारहाण त्याला योग्य वाटते का. चुकलं एवढं म्हणून मोकळं व्हायची संधी होती. त्याने मारहाण योग्य नव्हती हे मान्य केलं, पण मुलांना फार डिवचलं गेलं होतं हेही सांगितलं आणि कॉलेजातल्या इंग्रज प्राध्यापकांच्या मागच्या काही वर्षांतल्या वागण्याची यादीच वाचली. मित्रांना वाटलं याने स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान केलं. अहवालात विद्यार्थ्यांच्या बाजूने फारसं काही आलं नाही आणि सुभाषचं नाव मात्र ठळक आलं. कॉलेजातून त्याला काढून टाकलं.

आता खरी अडचण सुरू झाली. दुसऱ्या कॉलेजात शिकू द्यावं म्हणून त्याने विद्यापीठाकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला. म्हणजे एका कॉलेजने दिलेली शिक्षा विद्यापीठाच्या सगळ्या कॉलेजांतली बंदी होऊन बसली. पुन्हा कधी घेणार, याची मुदतही नाही.  शेवटी मार्च अखेरीस त्याला कटकला आईवडिलांकडे धाडण्यात आलं.

घरच्यांनी त्याला टाकून बोलल्याचं कुठे दिसत नाही. उलट काढून टाकल्यामुळे घरात आपली किंमत कमी झाली नाही, याचं त्यांना पुढेही नवल वाटत राहिलं. कटकमधलं ते वर्ष त्याने रिकामं घालवलं नाही. गावात कॉलरा, देवी यांची साथ असे. मित्रांचा गट करून तो आजाऱ्यांच्या सेवेला जाऊ लागला. घाण काढणं, औषध देणं, मेलेल्याला पोचवणं, हे सगळं त्या मुलांनी केलं. शाळा सुटलेला मुलगा घरात बसला की काय होतं हे आम्ही जवळून पाहतो. तीन महिने मोबाईल, मग चौकातली टपरी, मग भलतीच सोबत. कटकच्या त्या वर्षात सुभाषला करायला काहीतरी होतं, लोकांना त्याची गरज होती, ही गोष्ट लहान नाही.

वर्षभराने तो कलकत्त्याला परतला. आधी फौजेच्या ४९ व्या बंगाली पलटणीत भरती व्हायला गेला. बाकी तपासण्या पार पडल्या, डोळ्यांत नापास. (पुढे ज्याने फौजच उभी केली त्याला चष्म्यामुळे परत पाठवलं होतं हे मुलांना सांगितलं की त्यांना मोठी गंमत वाटते.) मग कळलं की एखादं कॉलेज घ्यायला तयार असेल तर विद्यापीठ बंदी उठवेल. बंगबासी कॉलेज तयार झालं, पण तिथे तत्त्वज्ञानाचा ऑनर्स कोर्स नव्हता. सुभाषला तोच हवा होता. मिळेल ते घ्या, असं त्याने केलं नाही.

एका सकाळी तो कुणाची ओळख, कुणाची चिठ्ठी न घेता थेट स्कॉटिश चर्च कॉलेजात गेला आणि प्रिन्सिपल डॉ. अर्कहार्ट यांना भेटला. आपण काढून टाकलेले विद्यार्थी आहोत हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. विद्यापीठ बंदी उठवणार आहे, मला तुमच्याकडे तत्त्वज्ञान शिकायचं आहे, एवढंच मागणं. अर्कहार्टसाहेब ख्रिस्ती मिशनच्या कॉलेजचे स्कॉटिश प्रमुख. त्यांच्यासमोर एका गोऱ्या प्राध्यापकाला मारल्याचा आरोप असलेला मुलगा उभा होता. नाही म्हणायला त्यांच्याकडे हवी तेवढी कारणं होती. त्यांनी मुलाशी बोलून पाहिलं आणि घ्यायची तयारी दाखवली. अट एकच: प्रेसिडेन्सीच्या प्रिन्सिपलची हरकत नाही अशी चिठ्ठी आणावी.

ज्या कॉलेजने हाकललं त्याच्याच दारात जाऊन कागद मागायचा! एकट्या मुलाला हे जमण्यासारखं नव्हतं. इथे मोठा भाऊ शरद पुढे झाला. शरदचंद्र बोस तेव्हा कलकत्त्यात बॅरिस्टर होते, धाकट्या भावाचे तिथले पालक तेच. ते स्वतः जाऊन प्रेसिडेन्सीचे नवे प्रिन्सिपल वर्ड्सवर्थ यांना भेटले. प्रिन्सिपल नरम होते, पण त्यांनी मुलाला एकदा समोर पाठवायला सांगितलं. सुभाष गेला. मागच्या वर्षीच्या सगळ्या प्रकाराबद्दल त्याची कडक उलटतपासणी झाली. शेवटी वर्ड्सवर्थ यांनी आपल्याला झाल्यागेल्यापेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं असं सांगून हरकत नसल्याचं मान्य केलं. सुभाषला परत प्रेसिडेन्सीत जायचं नव्हतंच, त्याला एवढंच हवं होतं. जुलै १९१७ मध्ये तो स्कॉटिश चर्चच्या तिसऱ्या वर्षाला बसला. दोन वर्षं वाया गेली होती.

आम्ही ही गोष्ट पालकांना सांगतो तेव्हा शरदबाबूंवर थांबतो. त्यांनी आरडाओरडा केला नाही, पुढाऱ्याचा फोन लावला नाही (तेव्हा तसा फोनही नव्हता म्हणा), भावाने काही केलंच नाही असंही भासवलं नाही. नवा प्रिन्सिपल आला आहे हे पाहिलं, नेमका कोणता कागद हवा ते समजून घेतलं, वेळ घेऊन भेटले आणि मग मुलाला स्वतःचं उत्तर स्वतः द्यायला पाठवलं. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. वडील मुलाला हेडमास्तरांसमोर दोन थपडा मारतात, की झाली माफी. नाहीतर अम्मी एकटीच बुरख्याच्या टोकाने डोळे पुसत ऑफिसबाहेर बाकावर बसून राहते आणि जागा भरल्या एवढं तोंडी उत्तर घेऊन घरी जाते. लेखी नकार मागायचा असतो हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

आजचा कायदा १९१६ पेक्षा मुलाच्या बाजूने पुष्कळ पुढे आलेला आहे, तो थोडक्यात सांगायलाच हवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागता येते, आणि हेडमास्तरांनी दाखला लगेच द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला या कारणावरून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे लेखी करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि पुढे राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. मामला पोलिसांपर्यंत गेलेला असेल तर २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. सोळा ते अठरा वयातल्या अतिगंभीर गुन्ह्यांचे काही अपवाद सोडले तर मुलाला त्या प्रकरणाची अपात्रता पुढे चिकटत नाही. दाखल्यावरच्या वर्तणूक या रकान्यात कुणी काय लिहिलं, यावरून मुलाचं आयुष्य ठरू नये हाच या सगळ्याचा अर्थ.

आता एक कडू गोष्ट. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने प्रमती खटल्यात शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेला जे बंधन आहे ते आपल्याच सोसायट्यांनी, ट्रस्टांनी चालवलेल्या शाळांना या कायद्याखाली नाही. आमच्या कौमच्या मुलांसाठी म्हणून ज्या शाळा निघाल्या, वर्गणी-चंद्यावर ज्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांनीच निकालाची टक्केवारी सांभाळण्यासाठी अवघड मुलाला दारातून परतवायचं आणि कायद्यानेही त्यांना अडवू नये, हे आम्हाला शिक्षक म्हणून खटकतं. अशा वेळी कागदी हक्क अपुरा पडतो. मग मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसांनी, मशिदीच्या जमातीतल्या वकील-डॉक्टरांनी शरदबाबूंसारखं मॅनेजमेंटच्या लोकांना जाऊन भेटावं लागतं. मुलाबरोबर, मुलाच्या वतीने, आणि मुलाने केलं ते न लपवता.

सुभाषकडे परत येऊ. १९१९ मध्ये तो तत्त्वज्ञानात पहिल्या वर्गात, विद्यापीठात दुसरा आला. वडिलांनी आय.सी.एस.साठी विलायतेला पाठवायचं ठरवलं. तरीही जुना डाग पाठ सोडत नव्हता. इंग्लंडला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सल्ला देणारे सरकारी गृहस्थ प्रेसिडेन्सीचेच प्राध्यापक निघाले. ते सुभाषला चेहऱ्याने ओळखत होते. काढून टाकलेला मुलगा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलांपुढे काय टिकणार, वडिलांचे दहा हजार रुपये पाण्यात जातील, असा त्यांचा सूर होता. त्यांच्याकडून मदत होणार नाही हे पाहून तो उठून आला आणि सप्टेंबरमध्ये बोटीने निघाला. केंब्रिजला पोचला तेव्हा टर्म सुरू होऊन गेली होती. फिट्झविल्यम हॉलचे प्रमुख रेडअवे यांनी उशिरा आलेल्या या मुलाला सामावून घेतलं. हा त्याला मिळालेला दुसरा दरवाजा. आठ महिन्यांच्या तयारीवर १९२० च्या परीक्षेत तो चौथा आला, आणि एप्रिल १९२१ मध्ये त्या नोकरीचा राजीनामा देऊन मोकळाही झाला.

देशात परतल्यावर देशबंधू चित्तरंजन दास यांनी त्याला जे पहिलं मोठं काम दिलं, ते कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजच्या प्रिन्सिपलचं. वय चोवीस! पाच वर्षांपूर्वी ज्याला विद्यापीठात कुठेच जागा नव्हती तो आता स्वतः मुलांना दाखल करून घेत होता. १९२४ मध्ये देशबंधू कलकत्त्याचे महापौर आणि हुसेन शहीद सुहरावर्दी उपमहापौर झाले तेव्हा सुभाषबाबू महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. नोकरभरतीत मुसलमानांना त्यांचा वाटा दिला म्हणून त्यांच्यावर तेव्हा टीकाही झाली.

त्यापुढचं आपल्याला माहीत आहे. १९३८ ला हरिपुरा काँग्रेसचं अध्यक्षपद, १९४१ च्या जानेवारीत झियाउद्दीन नावाच्या पठाणाच्या वेशात घरातून निसटणं, पेशावरला मियाँ अकबर शाह यांची मदत, १९४३ मध्ये हैदराबादच्या आबिद हसन यांच्यासोबत जर्मनीहून पाणबुडीचा प्रवास. रंगूनला बहादूरशाह जफर यांच्या मजारीवर जाऊन त्यांनी फौजेची सलामी दिली. १८ ऑगस्ट १९४५ ला तैवानमध्ये कोसळलेल्या त्या विमानात त्यांच्यासोबत कर्नल हबीबुर रहमान होते.

स्वतःच्या तरुणपणाची ही हकिकत सुभाषबाबूंनी डिसेंबर १९३७ मध्ये ऑस्ट्रियातल्या बादगास्टाइनला बसून लिहिली. ते पुस्तक अपुरंच राहिलं, आय.सी.एस.च्या राजीनाम्याशी थांबलं. कॉलेजातून काढल्याचं प्रकरण त्यांनी त्यात लपवलं नाही, सविस्तर लिहिलं.

आणि ओटन? ते निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. नेताजींच्या मृत्यूनंतर, आपल्याला कॉलेजच्या जिन्यापाशी मार बसला होता हे न विसरता, त्यांनी आपल्या त्या विद्यार्थ्याला श्रद्धांजली म्हणून एक कविता लिहिली.